मोडीत निघालेलं सिंहासन

विंडसरच्या किल्ल्यात ग्रँड व्हेस्टिब्यूल नावाचं एक उंच दालन आहे. ब्रिटिश फौजांनी जगभरातून आणलेल्या वस्तू तिथे काचेच्या कपाटांत मांडल्या आहेत. त्यांत वाघाचं एक डोकं आहे, जवळजवळ खऱ्या वाघाएवढं. आत लाकूड, वर सोन्याचा पत्रा, पत्र्यावर उठवलेले पट्टे आणि उघड्या जबड्यात स्फटिकाचे दात. माझ्याबरोबर माझी भाची आणि तिचा सात वर्षांचा मुलगा होता. तो तिकडेच जन्मला, पण घरात मराठी बोलतो. बराच वेळ काचेला नाक लावून तो बघत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, बाकीचा वाघ कुठाय?"

तिथे उभ्या उभ्या मी त्याला जे सांगितलं ते फार थोडं होतं. उरलेलं उत्तर इथे लिहितो आहे.

बाकीचा वाघ मोडला. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान लढता लढता मारला गेला आणि त्या रात्री शहरात जी लूट झाली ती थांबवायला ब्रिटिश अधिकारी आर्थर वेलस्लीला काही जणांना फासावर चढवावं लागलं. त्यानंतर सुरू झाली ती शिस्तशीर लूट. त्या काळी जिंकलेल्या खजिन्याची वाटणी फौजेत हुद्द्याप्रमाणे व्हायची आणि त्यासाठी खास अधिकारी नेमलेले असत. सेनापती हॅरिसच्या वाट्याला १ लाख ४० हजार पौंडांहून अधिक रक्कम आली. आता रोकड वाटता येते, सिंहासन कसं वाटणार? टिपूचं सिंहासन अष्टकोनी होतं. खाली सोन्याने मढवलेला वाघ, भोवतीच्या कठड्यावर रत्नजडित वाघांची आठ छोटी डोकी, वर छत्र आणि छत्रावर हुमा पक्षी. या पक्ष्याची सावली ज्याच्यावर पडते तो राजा होतो, अशी फारसी दुनियेतली समजूत आहे. वाटणीवाल्या अधिकाऱ्यांनी हे सिंहासन फोडलं आणि तुकडे विकले.

गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली, म्हणजे आर्थरचा थोरला भाऊ, याला हे कळलं तेव्हा फार हळहळ वाटली. त्याने कंपनीच्या संचालकांना कळवलं की सिंहासन अख्खंच्या अख्खं विलायतेला पाठवायला मला आवडलं असतं, पण असं काही आहे हे मला समजण्याआधीच त्या अधिकाऱ्यांनी अविचारी उत्साहाच्या भरात त्याचे तुकडे केले. मग त्याने हुमा पक्षी मिळवून दिला, तो राजा तिसऱ्या जॉर्जकडे गेला. वाघाचं मोठं डोकं कंपनीने १८३१ मध्ये चौथ्या विल्यमला नजर केलं. आज दोन्ही विंडसरच्या संग्रहात आहेत.

हे सगळं वाचताना मला आमच्या घरातला एक प्रसंग आठवतो. आजीची चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी होती. गुलाबदाणीच्या मानेवर द्राक्षांचा वेल होता आणि तो इतका बारीक होता की लहानपणी मी नखाने त्याची पानं मोजत असे. घराचं छप्पर करायचं होतं म्हणून वडिलांनी ती जोडी मोडायला नेली. मी बरोबर होतो. सराफाने दोन्ही एकदमच काट्यावर ठेवली. वडील म्हणाले, "जुनं काम आहे हो, नक्षी बघा." तो म्हणाला, "नक्षीचे पैसे येत नाहीत, वजनाचे येतात. त्यातून डाखाची घट धरावी लागेल." डाख म्हणजे सांधे जोडायला वापरलेला हलका धातू. त्याचं काही चुकलं नव्हतं, बाजाराचा नियमच तो आहे. पण त्या दिवशी मला कळलं की सोन्याचांदीच्या वस्तूला दोन मोलं असतात आणि मूस तापली की त्यातलं एकच उरतं.

श्रीरंगपट्टणला नेमकं हेच झालं. म्हणून मला या विषयात चोरी हा शब्द अपुरा वाटतो. चोराने वस्तू नेली तर ती कुठेतरी अख्खी असते, आज ना उद्या सापडू शकते. इथे वस्तूच नाहीशी झाली. विंडसरमध्ये आहेत ते सिंहासनाचे दोन अवयव. कठड्यावरच्या आठ डोक्यांपैकी एक वेल्समधल्या पोविस किल्ल्यात आहे, क्लाइव्ह घराण्याच्या संग्रहात. दुसरं २००९ मध्ये लंडनच्या लिलावात ३ लाख ८९ हजार पौंडांना गेलं. पुढच्याच वर्षी आणखी एक ४ लाख ३४ हजारांना. २०२१ च्या नोव्हेंबरात अशाच एका डोक्यावर ब्रिटिश सरकारने तात्पुरती निर्यातबंदी घातली. किंमत १५ लाख पौंड, आणि कारण असं की ते ब्रिटनमध्येच राहणं महत्त्वाचं आहे.

ही छोटी डोकी जवळून बघितली तर छाती भरून येते. आत लाख भरलेली, वर सोन्याचा पत्रा आणि माणकं, हिरे, पाचू कुंदनात बसवलेले. कुंदनाचं काम आगीवर होत नाही. खड्याभोवती शुद्ध सोन्याच्या तलम पट्ट्या थंडच दाबत जायचं. सोनं इतकं निर्मळ असतं की पट्टी पट्टीला चिकटते आणि खडा धरला जातो. डोक्याची उंची सात-आठ सेंटीमीटर, पण वाघाच्या मिशा, गालफडं, कपाळावरची आठी सगळं त्यात आहे. अशा वस्तूत सोन्याचं वजन फार नसतं. जे काय आहे ते हातात आहे, हाताच्या सवयीत आहे. त्या कारागिरांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

पुण्याच्या तांबट आळीत अजून मठारकाम चालतं. तांब्याच्या घंगाळावर हातोडीचा एक ठोका दुसऱ्याला चिकटून पडत जातो, ठोक्याठोक्याने पत्रा कणखर होतो आणि त्यावर खवल्यांसारखी चकाकी येते. तिथे एका म्हाताऱ्या तांबटांना मी विचारलं होतं की ठोके मोजता का? ते म्हणाले, "मोजायचे नसतात. कानाला कळतं." श्रीरंगपट्टणच्या कारागिरांचा विचार मनात आला की मला हा कान आठवतो.

आता महाराष्ट्राचं. इथे विंडसरचा वाघ कुणी मागत नाही. इथे मागणी असते ती जगदंबा तलवारीची, आणि ती रास्तही आहे. ही तलवारसुद्धा ब्रिटिश राजघराण्याच्याच संग्रहात आहे. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. ८ नोव्हेंबर १८७५ ला तो मुंबईत उतरला आणि परत जाताना त्याच्याबरोबर दोन हजारांहून अधिक वस्तू गेल्या. रत्नजडित खंजीर, मीनाकारीचे अत्तरसंच, चांदीची भांडी, ढाली, असं बरंच. त्यांत कोल्हापूरच्या महाराजांनी दिलेली शिवाजी महाराजांची तलवार होती. सरळ युरोपीय पातं, त्यावर आयएचएस ही येशूच्या नावाची खूण असलेली अक्षरं ठोकलेली, आणि जडावाची मूठ.

संग्रहाच्या दप्तरी ही भेट म्हणून नोंदलेली आहे. पण देणाऱ्याचं वय बघा. चौथे शिवाजी महाराज १८६३ चे. म्हणजे ते तेव्हा बारा वर्षांचे होते, दत्तक आलेले होते आणि त्यांच्या नावाने राज्य ब्रिटिश अधिकारी चालवत होते. आठ वर्षांनी हाच राजा अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या पहाऱ्यात मेला. कोहिनूरची गोष्ट वेगळी नाही. १८४९ च्या लाहोर तहात तो देऊन टाकला पंजाबच्या राजा दलीपसिंगाने, आणि तेव्हा हा राजा दहा वर्षांचा होता. २०१६ मध्ये आपल्याच सरकारच्या वकिलाने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की कोहिनूर चोरलेला नाही की बळजबरीने नेलेला नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. अज्ञान मुलाने सही केलेलं खरेदीखत आपल्या तलाठ्याकडेही टिकत नाही, मग पालकच समोरचा पक्ष असेल तर त्या देण्याला भेट म्हणायचं कसं? लूट आणि भेट असे दोन वेगळे कप्पे करून राजवाड्यांचे संग्रह स्वतःची बाजू मांडतात, तेव्हा हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पण महाराष्ट्रात हा विषय निघतो तो शिवजयंतीच्या आसपास आणि विरतो तो मिरवणूक संपली की. मध्ये दोन गोष्टी खरोखर घडल्या. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्याला आली. आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून राजे रघुजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. तलवारीच्या पात्यावर सोन्याने अक्षरं भरली आहेत, 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. ती मुंबईत उतरली तेव्हा मलाही आनंद झाला, तो मी नाकारणार नाही. नागपूरचं राज्य डलहौसीने खालसा केल्यावर भोसल्यांच्या वाड्यातले जिन्नस, हत्ती-घोडे मातीमोल विकले गेले आणि जवाहीर कलकत्त्याला नेऊन लिलावात काढलं गेलं. त्या आठवणीवर ही तलवार थोडी तरी फुंकर घालते.

तरीही लिलावातून विकत घेणं हा रस्ता मला पटत नाही. आपण बोली लावली की विकणाऱ्याची मालकी आपणच मान्य करतो, पुढच्या वस्तूचा भाव चढवतो, आणि ज्या घरांत अशी डोकी नि तलवारी पेट्यांत पडून आहेत त्यांना सांगतो की थांबा, गिऱ्हाईक आहे. २०२३ मध्ये टिपूच्या शयनगृहातली तलवार १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. या शर्यतीत कुठलं राज्य सरकार टिकणार? आणि उसनवारीबद्दल तर काय बोलावं. त्याच २०२४ मध्ये घानातल्या कुमासी शहराला असांते राजांचं सोनं परत दिसलं. १८७४ मध्ये ब्रिटिश फौजेने लुटलेलं हे सोनं लंडनच्या दोन संग्रहालयांनी तीन वर्षांच्या उसनवारीवर पाठवलं. आपल्याच देव्हाऱ्यातला देव शेजारणीकडून सणापुरता मागून आणायचा, असं ते झालं.

त्या संग्रहालयांचं म्हणणं असतं की आमचे हात कायद्याने बांधले आहेत. ब्रिटिश म्युझियमसाठी १९६३ चा कायदा आहे, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसाठी १९८३ चा, आणि दोन्ही वस्तू हातातून सोडायला मनाई करतात. ते खरं आहे. पण विंडसरचा संग्रह या दोन्ही कायद्यांखाली येत नाही. तो राजाच्या नावे आहे, पुढच्या राजांसाठी आणि राष्ट्रासाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेला. राजाने मनावर घेतलं तर वाट निघते, आणि निघालेली आहे. १८६८ मध्ये ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, मगदलाच्या किल्ल्यावर चाल करून गेलेली फौज आपल्या मुंबईहूनच निघाली होती. तिथून आलेली सम्राट टेओड्रोसची टोपी आणि शिक्का राणी एलिझाबेथने १९६५ च्या इथिओपिया भेटीत सम्राट हेले सेलासीला परत केले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, आम्ही नेलं म्हणून ते टिकलं. तुमच्याकडे राहिलं असतं तर तुम्ही आटवलं असतं. मी आजीच्या गुलाबदाणीची गोष्ट मघाशी सांगितली ती याचसाठी. आपण आटवतो. घराघरांत आटवतो, देवस्थानांत भक्तांनी वाहिलेले जुने डाग एकत्र करून त्यांच्या विटा पाडायच्या योजना निघतात आणि दागिन्यांच्या जुन्या याद्या नि पेटीतले जिन्नस जुळत नाहीत. दुसऱ्याची मोडतोडही केली आहे. १७९१ मध्ये पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, शारदेची मूर्तीही जागेवरून हलवली. मठाच्या स्वामींनी दाद मागितली ती टिपूकडे, आणि पुन्हा प्रतिष्ठापना करायला त्याने मदत धाडली. ही पत्रं उपलब्ध आहेत. आपण जगदंबा मागायला निघालो असलो तर शृंगेरीचं नाव आपल्या तोंडी आधी यायला हवं.

पण राखलं म्हणून मालकी मिळत नाही. राखल्याचं ऋण असतं आणि ते फेडायची रीतही आहे. रत्नागिरीकरांना थिबा राजा सांगायला नको. १८८५ मध्ये मंडालेचं राज्य घेतल्यावर ब्रह्मदेशाच्या या राजाला आपल्या कोकणात आणून ठेवलं. तो तिथेच १९१६ मध्ये वारला. त्याच्या वाड्यातली सोन्याची राजचिन्हं लंडनला गेली आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये राहिली. १९६४ मध्ये ती ब्रह्मदेशाला परत मिळाली. तेव्हा ब्रह्मदेशाने त्यातली एक वस्तू पुन्हा त्या संग्रहालयालाच दिली, हंसाच्या आकाराचा सोन्याचा रत्नजडित पानाचा डबा, इतकी वर्षं नीट सांभाळल्याबद्दल. तो हंस आजही लंडनमध्ये आहे आणि त्याच्याविषयी कुणाची काही तक्रार नाही. मला हा व्यवहार अतिशय देखणा वाटतो. घेणाऱ्याने मान राखला, देणाऱ्याचा मान गेला नाही.

आणि आटवण्याचं म्हणाल तर इंग्लंडच्या राजमुकुटाहून मोठा दाखला नाही. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद केल्यावर १६४९ मध्ये पार्लमेंटने राज्याभिषेकाचे मुकुट, राजदंड सगळे फोडून आटवले आणि नाणी पाडली. त्या जुन्या जडजवाहिरातला बाराव्या शतकातला अभिषेकाचा चमचा तेवढा वाचला. क्लेमंट किनर्स्ली नावाच्या राजवाड्यातल्या एका नोकराने तो १६ शिलिंगांना घेतला होता. राजेशाही परतली तेव्हा त्याने तो दुसऱ्या चार्ल्सला परत नेऊन दिला. त्याच चमच्यातलं तेल २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या मस्तकाला लागलं. आपलं सिंहासन मोडीत जाणं म्हणजे काय आणि त्यातला एक तुकडा घरी परत येणं म्हणजे काय, हे ज्या घराला इतकं नेमकं ठाऊक आहे, त्या घरापुढे आपण हात पसरत नाही, त्याला त्याचीच आठवण करून देतो आहोत. विंडसरच्या ज्या दालनात वाघ आहे तिथेच ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याला लागलेली बंदुकीची गोळीही जपून ठेवली आहे. शिशाच्या त्या गोळीला काट्यावर टाकलं तर काय येणार? तिथल्या लोकांना वजनापलीकडचं मोल पक्कं कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं की सुरुवात वाघापासून व्हावी. जगदंबेची मागणी सोडायची नाहीच, ती अज्ञान राजाच्या मुद्द्यावर, कागदपत्रं लावून, दर वेळी नव्या मंत्र्याने नव्याने घोषणा न करता चालवावी. पण जो दावा सगळ्यात उघड आहे तो सिंहासनाचा आहे, कारण ते फोडल्याची कबुली खुद्द फोडणाऱ्यांच्या साहेबाने लिहून ठेवली आहे. टिपूचं नाव निघालं की महाराष्ट्रात लगेच दोन तट पडतात, हे मला माहीत आहे. त्याने कोणाचं भलं केलं नि कोणाचं वाईट, यावर भांडायला इतिहासकार आहेत. वाघाच्या मिशीतला एकेक केस उठवणारा सोनार त्या भांडणात नव्हता. कोणाला परत द्यायचं, टिपूच्या वारसांना की म्हैसूरच्या वाडियार राजघराण्याला, हा प्रश्नही आडवा घालू नये. टिपूच्या मुलांना वेल्लोरला आणि तिथून कलकत्त्याला नेऊन ठेवण्यात आलं, त्यांचा वंश तिथे विखुरला. वस्तू कुणा घराण्याला नको, लोकांना हवी. म्हैसूरला किंवा श्रीरंगपट्टणला, तिकीट काढून कुणालाही बघता येईल अशी.

आणि पहिलं पाऊल मालकीचंही नसलं तरी चालेल. विंडसरचं डोकं, हुमा पक्षी, पोविसचं डोकं आणि खासगी घरांतली सापडतील तेवढी डोकी एका खोलीत मांडा.  खाली अष्टकोन आखा, ज्याची जागा जिथे तिथे तो तुकडा ठेवा आणि उरलेल्या जागा रिकाम्या ठेवा. तिथे माझ्या भाचीच्या मुलाला मी पुन्हा घेऊन जाईन.

त्या खोलीच्या भिंतीवर एक चित्रही लावावं. १८०० साली मद्रासच्या गव्हर्नरची बायको हेन्रिएटा क्लाइव्ह मुलींना घेऊन दक्षिणेत फिरत श्रीरंगपट्टणला गेली. बरोबर मुलींना चित्रकला शिकवणारी ॲना टोनेली ही इटालियन बाई होती. तिने सिंहासनावर बसलेल्या टिपूचं जलरंगातलं चित्र काढलं. सिंहासन तोवर फुटून विकलं गेलं होतं. चित्रात मात्र कठडा आहे, कठड्यावर डोकी आहेत, वर छत्र आणि छत्रावर हुमा पक्षी आहे, आणि खाली, धडासकट, वाघ उभा आहे.